वृंदात बसलेल्या भाचीस

चि. मुक्ता,

हॅम्बर्गच्या विद्यार्थी-वृंदात तुझी निवड झाली, माहलरची दुसरी सिंफनी गायची आहे, हे वाचून आनंद झाला. तुझी तक्रारही वाचली: तासाभराहून जास्त वेळ मंचावर नुसतं बसायचं आणि मग तोंड उघडायचं तेही इतकं हळू! त्या बसण्याबद्दलच लिहिते.

पहिला भाग माहलरने १८८८ मध्ये लिहिला. ती प्रेतयात्राच आहे. मरणापुढे काय, हे मात्र त्याला सुचेना. थोर वाद्यवृंद-संचालक हान्स फॉन ब्यूलोला त्याने १८९१ मध्ये तो भाग पियानोवर ऐकवला, तर ब्यूलोने कान झाकून घेतले. मधले भाग १८९३ पर्यंत पुरे झाले, तरी शेवट अडलेलाच. बेथोवनने सिंफनीत आधीच आणलेलं समूहगान आपणही आणावं तर लोक नक्कल म्हणतील, ही धास्ती वेगळीच. पुढे ब्यूलो वारला. २९ मार्च १८९४ रोजी तुझ्याच शहरात, मिखाएलिस चर्चमध्ये, त्याच्या अंत्यविधीला मुलांनी कवी क्लॉपस्टॉकचं पुनरुत्थानगीत गायलं आणि माहलरला शेवट गवसला. ज्याने कान झाकले, त्याच्याच शवपेटीपुढे! क्लॉपस्टॉकची दोन कडवी ठेवून पुढचे शब्द त्याने स्वतः लिहिले.

मधली सहा वर्षं तो रिकामा बसला नव्हता. बुडापेस्ट आणि हॅम्बर्गची ऑपेरागृहं सांभाळत होता. पण ओढूनताणून शेवट चिकटवला नाही. नव्याने उभं राहण्याची घाई करू नये, एवढं त्याच्याकडून शीक. पहिल्या भागानंतर निदान पाच मिनिटं थांबा, अशी सूचनाच त्याने लिहून ठेवली आहे.

तेव्हा मंचावर बसशील ती ऐकत बस. शेवटच्या भागात ढोल चढत जातात, मेलेल्यांची फौज चालून येते. मग सगळं ओसरतं. दुरून, मंचाबाहेरून, हॉर्न-ट्रंपेटची हाक येते; मंचावर बासरी आणि पिकोलो पाखरासारखी उत्तर देतात. ती विरली की तुम्ही, साथीशिवाय. आधीचा कल्लोळ जिने मन लावून ऐकला, तिलाच तो पहिला स्वर नेमका किती हलका हवा ते कळेल. हलका म्हणजे पोकळ नव्हे. शब्द स्पष्ट हवेत. श्वास शेजारणीबरोबर घेऊ नकोस, आळीपाळीने घ्या, म्हणजे स्वर तुटणार नाही.

तालमीआधी एकदा मिखाएलिसला जाऊन ये. १९०६ मध्ये ते जळालं होतं, पुन्हा बांधलं.

आणि हो, ऑर्गन आणि घंटांसकट पूर्ण गळ्याने गायची वेळ शेवटी येतेच. तेव्हा मात्र हातचं राखू नकोस.

तुझी,
आत्या