कॉलेट घेताना घाई नको, ताईंनो



आपल्या एका गटाने कर्ज काढून छोटं सीएनसी राउटर मशीन घेतलं. नावपाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, किचेन असं काम. पहिली मोठी ऑर्डर आली आणि दोन दिवसांत तीन बिटं मोडली. अक्षरांच्या कडा तर उंदराने कुरतडल्यासारख्या. आम्ही आधी लाकडाला दोष दिला, मग मशीन चालवणाऱ्या काकींच्या हाताला. (यात मीही होते, कबूल करते. काकींची माफी मागून झालीय.) शेवटी तालुक्याच्या एका टर्नर दादांनी मशीन पाहिलं आणि बोटाएवढा एक तुकडा काढून हातात दिला. म्हणाले, "दोष ह्याचा." तो तुकडा म्हणजे कॉलेट.

सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. तिथे खरादावर लाकूड फिरतं आणि हत्यार हातात स्थिर असतं. आपल्या राउटरचं उलट. लाकूड घट्ट बसवलेलं, आणि बिट मिनिटाला दहा-वीस हजार फेरे घेतं. त्या बिटाला धरून ठेवते ती कॉलेट. उभ्या चिरा पाडलेली, एका बाजूला निमुळती अशी ही स्टीलची नळी असते. नट आवळला की ती स्पिंडलच्या निमुळत्या भोकात दाबली जाते, चिरा मिटतात आणि बिट चहूबाजूंनी आवळलं जातं. ही पकड जरा जरी वाकडी असली तर बिट मधोमध न फिरता हेलकावे खातं. मग एकाच धारेवर सगळा भार येतो. जाड बिट सोसेल एखादवेळी, एक मिलिमीटरचं बारीक बिट मोडणारच.

छोट्या मशीनवर बहुतेक वेळा ईआर ११ जातीची कॉलेट असते. तुमच्या मशीनची जात आधी पुस्तिकेत बघा, कारण ईआर १६ची कॉलेट ईआर ११ मध्ये बसत नाही. ईआर ११ मध्ये १ ते ७ मिमीपर्यंतचं बिट धरता येतं, पण एकाच कॉलेटमध्ये नाही! प्रत्येक कॉलेट तिच्यावर लिहिलेल्या मापापासून साधारण अर्धा मिलिमीटरच आत मिटते. बाजारातली पुष्कळ बारीक बिटं ३.१७५ मिमीची, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाची असतात. ती ३ मिमीच्या कॉलेटमध्ये कोंबू नका. ३.१७५ मापाचीच घ्या.

आपल्या गटाने स्वस्त म्हणून तेरा कॉलेटचा सेट घेतला होता. वापरात आल्या फक्त दोन. माझं मत विचाराल तर, जी बिटं रोज लागतात त्या मापाच्या दोन-तीनच घ्या, पण चांगल्या घ्या. बिलावर अचूकता किती मिमी ते लिहून मागा. दुकानदाराला ते सांगता येत नसेल तर तिथे घेऊ नका.

हातात आल्यावर उजेडात धरून बघा. चिरा सारख्या रुंदीच्या हव्यात. आतून बोट फिरवता येत नाही, म्हणून कापसाची काडी फिरवा. कापूस अडकला तर आत कंगोरे आहेत. खरी परीक्षा मात्र डायल गेजवर. टर्नरच्या दुकानात तो असतो. कॉलेटमध्ये सरळ, गुळगुळीत स्टीलची कांडी आवळा, मशीनचा प्लग काढा, कांडीला डायल टेकवा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. काटा ०.०२ मिमीच्या आत हलला तर आपल्या कामाला उत्तम. आमचा ०.०८ हलला होता.

पण लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आधी कॉलेट, नट आणि स्पिंडलचं भोक ब्रशने साफ करून परत मोजा, कारण चिमूटभर भुसासुद्धा काटा हलवतो. मग स्पिंडलवर पेनने खूण करा, कॉलेट अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा कॉलेटबरोबर सरकली तर कॉलेट किंवा कांडी वाकडी. खुणेपाशीच राहिली तर दोष स्पिंडलचा, मग नवी कॉलेट घेऊन पैसे फुकट जातील. आमच्याकडे ती कॉलेटबरोबर सरकली, आणि दुसऱ्या कांडीवरही तसंच झालं.

बसवताना कॉलेट थेट स्पिंडलमध्ये टाकायची नाही. आधी तिरकी धरून नटमध्ये "टक्" आवाज येईपर्यंत बसवा, मग नट स्पिंडलवर. बिट कॉलेटच्या लांबीच्या निदान दोन-तृतीयांश आत गेलं पाहिजे, नाहीतर फिरताना सुटून उडू शकतं. बिट नसताना नट आवळू नका, कॉलेट कायमची चेपते. आणि पदर, ओढणी, मोकळे केस मशीनजवळ नकोत, डोळ्यांना चष्मा हवाच.

कॉलेट झिजते, ती कायमची नसते. आत चकचकीत पट्टे दिसले किंवा बिट सरकू लागलं की बदला. म्हणून गटाच्या वहीत तिचा खर्च मशीनच्या किमतीत न धरता बिटांच्या, पॉलिशच्या ओळीत धरा. काकींच्या गटाने आता तसं केलंय, आणि उरलेल्या पाट्या दोन नव्या कॉलेटवर पूर्ण झाल्या. ऑर्डर मात्र आठ दिवस उशिरा गेली, आणि त्या महिन्याचा हप्ता बचतीतून भरावा लागला.