हिमानी परब : ज्या खेळाला ऑलिंपिक नाही, त्यातली कारकीर्द



अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड, क्रीडा स्पर्धांचे फॉर्म आले की पालकांचा प्रश्न ठरलेला : "सर, दहावीला याचे मार्क मिळतात का?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. म्हणून आज मुंबईच्या मल्लखांबपटू हिमानी परबबद्दल.

मल्लखांबाचे तीन प्रकार : पुरलेला, टांगता आणि दोरीचा. दोरीला गाठ न मारता, पायाच्या बोटांत पकड घेऊन आसने करायची. स्टॉपवॉच किंवा गोल इथे निकाल देत नाहीत. पंच कौशल्य, सफाई आणि तोल पाहून गुण देतात. एक पकड सुटली तर अनेक महिन्यांच्या सरावाचे गुण जातात.

बर्फावरचे नृत्य हाही असाच पंचांच्या गुणांचा खेळ. युक्रेनच्या येलेना ग्रुशिना आणि रुस्लान गोंचारोव्ह या जोडीला 2006 मध्ये ट्युरिनला कांस्यपदक मिळाले. ते त्यांचे तिसरे ऑलिंपिक होते. त्यांची वाट लांब होती, तरी शेवटी ऑलिंपिक होते. मल्लखांबाचे काय? 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याची प्रात्यक्षिके दाखवली, पण पदकाचा खेळ तो आजही नाही.

तरीही हिमानी खेळत राहिली. फेब्रुवारी 2019 मध्ये दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. त्यात जिंकलेल्या भारतीय संघात ती होती. 2021 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. मल्लखांबाला मिळालेला हा पहिलाच अर्जुन! पुढे 2022 मध्ये हा खेळ पंचकुलाच्या खेलो इंडिया स्पर्धेत आणि गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही आला. म्हणजे तिने सुरुवात केली, तेव्हा यातले काहीच समोर नव्हते.

पालकहो, मुद्दा इथेच आहे. मूल खेळ निवडते तेव्हा पुढचे दरवाजे बऱ्याचदा बंदच दिसतात. "यातून मिळणार काय?" हे जरूर विचारा, पण त्याआधी "तुला सराव आवडतो का?" हे विचारा. कारण बक्षीस कधीतरीच मिळते, सराव मात्र रोजचा असतो.

वर्गासाठी उपक्रम : पाच मुलांना पंच करा. एकाने वृक्षासन करावे, पाचही जणांनी दहापैकी गुण द्यावेत. गुण वेगवेगळे का आले, यावर मुलांनाच बोलू द्या.