लोहाची बाटली कुठे ठेवता?

अठ्ठावीस वर्षं मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी होते. "ताई, बाळासाठी एखादं चांगलं टॉनिक द्या ना," हे वाक्य किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही. लोहाचं सिरप, कॅल्शियमचं, झिंकचं, सगळ्यांना एकच नाव: टॉनिक. माझं भांडण या नावाशीच आहे. तापाच्या औषधाची बाटली आपण जपून ठेवतो. टॉनिकची बाटली मात्र जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी असते, नाहीतर टीव्हीखालच्या कप्प्यात. अंगाला लागणारी वस्तू, ती कसला अपाय करणार?

या बाटल्यांत सगळ्यांत जास्त जपावी लागते ती लोहाची, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलते. आशाताई घरी आणून देतात ती बाटली डोळ्यांसमोर आणा. अ‍ॅनिमियामुक्त भारत ही मोहीम २०१८ पासून चालू आहे. तिच्यात ६ ते ५९ महिन्यांच्या बाळाला आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिली सिरप द्यायचं असतं. त्या १ मिलीत २० मिलिग्रॅम लोह असतं आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड. बाटली ५० मिलीची, म्हणजे तिच्यात एकूण १००० मिलिग्रॅम लोह. आता वजनाशी हिशोब करा. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या पुढे लोह पोटात गेलं की उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात आणि ६० च्या पुढे जिवावर बेतू शकतं. दहा किलोच्या मुलाला पहिली रेषा गाठायला १० मिली पुरतात, म्हणजे औषधाच्या मापाने दोन चमचे. दुसरी रेषा ३० मिलीवर, बाटली संपायच्याही आधी. आठवड्याला २ मिली या हिशोबाने ही बाटली जवळजवळ सहा महिने घरात उघडी राहते, आणि नेमक्या त्याच सहा महिन्यांत मूल रांगायचं सोडून खुर्चीवर चढायला शिकतं.

हे मला कागदावर सगळं ठाऊक होतं. तरी व्हायचं ते माझ्याच घरात झालं.

लेक तेव्हा अडीच वर्षांची. वजन साडेअकरा किलो. ते आजही पाठ आहे, कारण त्या संध्याकाळी चार जणांनी मला ते विचारलं. दुपारी तिला दुकानातून आणलेल्या लोहाच्या सिरपचा डोस दिला, तेवढ्यात दारावर भाजीवाली आली. झाकण बाटलीवर नुसतं टेकवून मी बाहेर गेले. मेथीच्या दोन जुड्या पारखून आत येते तर बाईसाहेब फतकल मारून बसलेल्या, फ्रॉकवर तपकिरी ओघळ, बाटली मांडीत आणि तोंडाने "अजून". बाटलीत दोन बोटं सिरप उरलं होतं. सकाळी किती होतं, ते मला सांगता येईना. रोज दुसऱ्यांना डोस मोजून देणारी बाई मी!

रिक्षात तिला एक उलटी झाली आणि मग ती माझ्या खांद्यावर शांत झोपली. मला वाटलं, निभावलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र ती शांत झोप पाहूनच मला दटावलं. लोहाच्या विषबाधेत पहिल्या काही तासांत उलट्या, जुलाब, कधी त्यात रक्त दिसतं. मग मूल सावरल्यासारखं होतं. आईबाप त्याला घरी घेऊन जातात. आत मात्र लोह रक्तातून यकृतापर्यंत पोचत असतं, आणि दुसऱ्या दिवशी मूल एकदम कोसळू शकतं. म्हणून किती प्यायली, किती वाजता, वजन किती, हे तीन प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत होते. गोळी गिळली असती तर एक्स-रेत दिसण्याची शक्यता होती; पातळ औषध सहसा दिसत नाही. रक्तातलं लोह चार-सहा तासांनी तपासायचं असतं, त्यामुळे थांबणं आलंच. बरंचसं सिरप फ्रॉक, चटई आणि फरशी यांनी प्यायलं असावं. रात्रभर तिला काही झालं नाही. मी मात्र रात्रभर त्या बाटलीकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली, ती तुम्हीही लावून घ्या. डोस दिला की बाटलीवर औषधाच्या पातळीला पेनाने रेघ मारायची आणि तारीख टाकायची. मूल प्यायलंच तर किती गेलं ते एका नजरेत कळतं. शिवाय सकाळी आईने दिलेलं औषध संध्याकाळी आजीच्या हातून पुन्हा जात नाही. एकत्र कुटुंबात हा दुहेरी डोस फार होतो, आणि होतो तो मायेपोटीच.

मोजायचं कशाने? बाटलीसोबत आलेल्या मापाने किंवा ड्रॉपरनेच. आपल्या घरातला चहाचा चमचा वेगळा, पोह्यांचा वेगळा आणि आजीच्या चांदीच्या चमच्याची तर बातच निराळी. सरकारी बाटलीच्या तोंडाला एका वेळी १ मिलीच बाहेर सोडणारं बूच असतं. "चिकटतं मेलं" म्हणून ते उपटून टाकलेलं मी पाहिलं आहे. त्या बाटलीतला शहाणपणा त्या बुचातच असतो हो! दुकानातून औषध घेताना ड्रॉप्स की सिरप हेही नीट बघा. ड्रॉप्स बहुधा जास्त तीव्र असतात. ड्रॉप्सऐवजी सिरप हातात पडलं आणि माप तेच ठेवलं, तर डोस चुकलाच. लेबलावर क्षाराचं वजन मोठ्या अक्षरांत आणि प्रत्यक्ष लोहाचं बारीक अक्षरांत असू शकतं. फेरस फ्युमरेटमध्ये जेमतेम एकतृतीयांश लोह असतं, फेरस ग्लुकोनेटमध्ये आठव्या हिश्शाच्या आसपास. आपल्याला हवा असतो तो लोहाचा आकडा.

ड्रॉपर बाळाच्या तोंडाला लागला तर तसाच बाटलीत बुडवू नका. धुतला तर पूर्ण वाळू द्या, पाण्याचा थेंबही आत जाता कामा नये. सिरप गोड असतं. बाटलीच्या मानेवर ओघळ राहिला की मुंग्या येतात, आट्यांत साखर जमते आणि दाबून फिरवायचं झाकण नीट बसेनासं होतं. मुलांना उघडता येऊ नये म्हणून केलेलं झाकण असं चिकट होऊन निकामी झालं, की आपण निर्धास्त आणि पोर मोकळं. दर वेळी ओल्या फडक्याने मान पुसून झाकण घट्ट लावा. आणि उरलेलं औषध छोट्या बाटलीत ओतून प्रवासाला नेऊ नका. लेबल गेलं की औषधाची ओळखच गेली.

आता ठेवायचं कुठे. लेबल सांगतं: ३० अंशांच्या खाली, उजेडापासून दूर. आपण सांगतो: मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी. मे महिन्यात मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या पत्र्याच्या घरात या दोन सूचनांचं पटत नाही. गारवा असतो खाली, माठाच्या आसपास, आणि तिथेच मूल खेळतं. वरची फळी सुरक्षित, पण पत्र्याला लागून असल्याने तीच सगळ्यांत तापते. मी आयांना सांगायची, उंचीपेक्षा कुलपावर भरवसा ठेवा. आतल्या, उन्हाकडच्या नसलेल्या भिंतीला लागून कपाट किंवा पत्र्याची पेटी असेल तर तिच्यात ठेवा आणि किल्ली आपल्यापाशी ठेवा. फ्रीजचं दार नको. ते मूल दिवसातून दहा वेळा उघडतं. मोरीतली खिडकी, गॅसच्या वरची फळी आणि गाडीचा डॅशबोर्डही नको.

देण्याबाबत थोडक्यात. रिकाम्या पोटी नको, दुधासोबत किंवा चहासोबत नको. लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर चालेल. जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा, म्हणजे दात काळवंडणार नाहीत. शी काळी झाली तर घाबरू नका, ते लोहच आहे. ताप, जुलाब, न्यूमोनिया असताना थांबवा. थॅलेसेमियाच्या मुलाला किंवा वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह द्यायचंच नाही. आणि कृपा करून "घे, चॉकलेट आहे" म्हणू नका. मूल ते खरं धरून चालतं.

एवढं करूनही प्यायलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. घशात बोटं घालू नका, दूध पाजून वाट बघू नका. इतर विषांवर दिला जाणारा औषधी कोळसासुद्धा लोहाला धरत नाही. लोह बांधून बाहेर काढणारं डेफेरॉक्झामिन इस्पितळातच मिळतं. बाटली सोबत घ्या आणि निघा, किंवा १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर रात्रंदिवस बोलतं. हे दोन्ही नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

गेल्या महिन्यात लेकीकडे राहायला गेले. नातू दीड वर्षाचा. लोहाची बाटली कुठे आहे, रेघा मारतेस का, बूच शाबूत आहे का, अशी माझी तपासणी आल्या आल्या सुरू झाली. तिने मुकाट्याने कपाट उघडून दाखवलं: कुलूप, रेघा, तारखा, सगळं जागच्या जागी. मग ती म्हणाली, "आई, तुझी पर्स कुठे आहे?"

पर्स सोफ्यावर होती. चेन उघडी. आत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि हिमोग्लोबिन उतरल्यामुळे चालू केलेल्या लालचुटूक लोहाच्या गोळ्यांची पट्टी. नातू सोफ्याचा कोपरा धरून उभा होता. लेकीने पर्स उचलली, कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पुढचे आठ दिवस मला माझी गोळी तिच्याकडून मागून घ्यावी लागली.