विमानप्रवास आणि कसर : हिशेब अंतराचा की वेळेचा?

वाचकहो, मुंबई ते जिद्दा हे हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. विमान ते साधारणतः साडेपाच तासांत कापते. मग प्रश्न उपस्थित होतो की, आरामशीर आसनावर बसून जाणाऱ्यास नमाज कसर करण्याची सवलत कशासाठी?

सूरह अन्-निसाच्या १०१ व्या आयतीत प्रवासातील कसरचा उल्लेख शत्रूच्या भयासह आला आहे. भय संपल्यावर हजरत उमर (रजि.) यांनाही अशीच शंका आली होती. ही अल्लाहने तुम्हांस दिलेली देणगी आहे, ती स्वीकारा, असा खुलासा प्रेषित (सल्ल.) यांनी केला. म्हणजेच सवलतीचा आधार कष्ट नव्हे, तर प्रवास आहे. हनफी फिकहमध्ये मूळ माप तीन दिवसांच्या मध्यम चालीचे आहे. उलमांनी ते ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर ठरविले. काही उलमा ९२ किलोमीटर मानतात. हे अंतर विमानाने काही मिनिटांत कापले, तरी हुकूम तोच राहतो.

आता एक उदाहरण पाहू. दौंड तालुक्यातील कासुर्डी पुण्यापासून चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. समजा, तेथून दोघे भाऊ एकाच मोटारीने निघाले. थोरला उमराहसाठी मुंबईमार्गे जिद्द्यास जाणार आहे, तर धाकटा त्यास पुण्यापर्यंत पोहोचवून परतणार आहे. पुण्यात जुहरची वेळ झाली. थोरला गावाची हद्द ओलांडताच मुसाफिर झाला. तो दोन रकात फर्ज पढेल. धाकटा मुकीमच आहे. तो चार पढेल. रस्ता एक, मोटार एक, परंतु इरादा वेगळा. म्हणून हुकूमही वेगळा. थोरल्याने इमामत केली, तर त्याच्या सलामानंतर धाकट्याने उरलेल्या दोन रकात पूर्ण कराव्यात. धाकटा इमाम असेल, तर थोरल्यानेही त्याच्यामागे चारच पढाव्यात. फजर व मगरिबमध्ये मात्र कसर नाही.

अंतर कसर ठरविते. नमाजची वेळ मात्र सूर्य ठरवितो. जिद्द्याचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानातून सूर्य मुंबईच्या मगरिबनंतरही दिसत राहतो. रोजेदाराने अशा वेळी मनगटावरील घड्याळ पाहून इफ्तार करू नये. खिडकीबाहेर सूर्य दिसत असेल, तर थांबावे. उलट, रात्रीच्या विमानात झोप लागून फजर निसटण्याचे भय असते. उतरल्यावर पढू, असे म्हणण्यापूर्वी उतरेपर्यंत वेळ उरेल काय, याचा हिशेब तिकीट हाती येताच करावा.

वाचकहो, कसर रकात कमी करते, नमाज माफ करीत नाही. प्रवासाची तयारी करताना पारपत्राइतकीच नमाजच्या वेळांचीही काळजी घ्या. अल्लाह आपणा सर्वांस समज व सामर्थ्य देवो. आमीन.