मेळघाटात वाघ दिसेल का?

प्रश्न : नाताळच्या सुटीत मुलांना घेऊन मेळघाटला जायचं म्हणतोय. वाघ दिसेल का?

उत्तर : वाघाचाच हट्ट असेल, तर सरळ ताडोबा गाठा. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक खरा. पण सातपुड्याच्या चढउतारांत आणि दाट सागवानात वाघ असूनही सहसा नजरेस पडत नाही. माझ्या मते हीच इथली गंमत. मुलांना पाऊलखुणा आणि झाडांवरचे ओरखडे शोधायला लावा.

पक्ष्यांची आवड असेल तर रानपिंगळ्यासाठी थांबाच. शंभरावर वर्षं नामशेष मानलेलं हे घुबड १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडलं, नंतर मेळघाटातही. ते दिवसाही वावरतं, त्यामुळे मुलांना रात्र जागवावी लागत नाही!

मुक्काम सेमाडोहला किंवा सिपना नदीकाठच्या कोलकासला करा. आरक्षण आधीच उरका. उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा झोंबतो, कानटोप्या विसरू नका. एक दिवस चिखलदरा आणि गाविलगडासाठी ठेवा. तिथे कॉफीही पिकते, हे विदर्भाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.