नदीकाठचे गाव आणि आपला कॅमेरा

सहलीहून परतल्यावर आपण छायाचित्रे पाहावयास बसतो आणि बहुधा निराशाच पदरी पडते. देऊळ आहे, घाट आहे, घाटावर रांगेने उभे राहिलेले मित्र आहेत. पण ते गाव मात्र चित्रात कोठेच सापडत नाही. असे का व्हावे? पवना आणि इंद्रायणीच्या काठाने हिंडताना याविषयी जे ध्यानात आले, ते येथे मांडतो.

बाहेरचा माणूस आपल्या परिसराला कारखान्यांचा पट्टा म्हणून ओळखतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. परंतु याच पट्ट्यात चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे, देहू व आळंदी इंद्रायणीच्या काठी आहेत आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्तेखानाविरुद्ध दीड महिन्याहून अधिक काळ लढविलेला भुईकोट चाकणला आहे. छायाचित्रकाराला व्हेनिसच्या कालव्यांवर जे शिकावयाचे, ते येथल्या घाटांवरही शिकता येते.

पहिली गोष्ट वेळेची. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडते. दगडाचा पोत दिसेनासा होतो आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वीचा तास निवडावा. तिरप्या उन्हात पायरीन् पायरी उठून दिसते. शक्य तर आदल्या दिवशी जागा पाहून यावे आणि कोणत्या काठावर केव्हा ऊन पडते, हे टिपून ठेवावे.

दुसरी गोष्ट प्रतिबिंबाची. पाण्यातले देऊळ काठावरल्या देवळापेक्षा सहसा थोडे काळपट दिसते. म्हणून ते नीट टिपावयाचे तर वारा पडलेला असताना, अगदी खालच्या पायरीवर बसून, कॅमेरा पाण्याजवळ न्यावा. क्षितिजरेषा मात्र सरळ हवी. वाहून चाललेली नदी चित्रात एका बाजूला कलंडलेली दिसली की सारा परिणाम जातो.

तिसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची. कॅमेरा आपला हिशेब मध्यम करड्या छटेवर करतो. त्यामुळे वारकऱ्यांची पांढरी धोतरे चौकटभर असली की तो प्रकाश कमी घेतो व पांढरे मळकट करून टाकतो. अशा वेळी प्रकाश आपण होऊन थोडा वाढवावा. आताच्या मोबाइलमध्येही पडद्यावर बोट टेकवून हे सहज करता येते.

चौथी गोष्ट प्रमाणाची. चाकणच्या किल्ल्याचा नुसता बुरूज टिपला तर त्याची उंची कळत नाही. पायथ्याशी एखादा माणूस चौकटीत असू द्यावा. मागे इमारती येतात म्हणून कुरकुरू नये. भुईकोटाला वेढून बसलेले आजचे गाव हाही त्या स्थळाचा इतिहासच आहे.

माणसांविषयी एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो. घाटावर कोणी स्नान करीत असते, कोणी धुणे धूत असते, कोणी आप्ताच्या अस्थी घेऊन आलेले असते. त्यांच्यासाठी ते प्रेक्षणीय स्थळ नव्हे. आजीबाईंना ‘मावशी, फोटो काढू का?’ एवढे विचारले तर बहुतेक जणी पदर सावरून हसतात. ज्या नको म्हणतील, तेथे कॅमेरा खाली घ्यावा.

आता थोडा अवघड प्रश्न. अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर अनेकदा पांढरा फेस तरंगताना दिसतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो ढगांसारखा भासतो आणि चित्र विलक्षण देखणे येते. पण तो फेस दूषित पाण्याचा आहे. नुसता फेस टिपून ‘स्वर्गीय इंद्रायणी’ म्हणून मिरवावे काय? माझ्या मते नाही. त्याच चौकटीत ओंजळीने पाणी घेणारा वारकरीही यावा. मग चित्र देखणेही राहील आणि खोटे बोलणार नाही.

१८४५ साली इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन व्हेनिसला गेला. जुन्या वास्तूंची चाललेली पडझड आणि मोडतोड पाहून तो व्यथित झाला व नव्यानेच निघालेल्या डॅगेरोटाइप पद्धतीची त्या वास्तूंची चित्रे त्याने विकत घेतली. हातून जे निसटत आहे त्याचा दगड न् दगड नोंदलेला राहावा, ही त्यामागची तळमळ होती. आपल्याकडेही वाडे पडत आहेत, काठ बदलत आहेत. पवना धरणातून पाणी सोडले की मोरया गोसावींच्या मंदिरात पुराचे पाणी शिरते. पूर ओसरला की काही दिवसांत त्याच्या खुणाही पुसल्या जातात.

म्हणून मित्रांना माझी एक सूचना आहे. प्रत्येकाने नदीकाठची एक जागा निवडावी. दरवर्षी वैशाखात, श्रावणात आणि कार्तिकात तेथूनच, त्याच पायरीवरून छायाचित्र घ्यावे आणि त्यासोबत तारीख, वेळ व स्थळ लिहून ठेवावे. पदवी हाती येईपर्यंत जी नऊ चित्रे जमतील, ती महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावीत. पन्नास वर्षांनी कोणी या नद्यांचा अभ्यास करू लागला, तर आपल्या साध्या कॅमेऱ्याची ती साक्ष त्याला मोलाची वाटेल.