रिव्हॉल्व्हरचा उलट धक्का

न्यूटनचा तिसरा नियम शिकताना बंदुकीचे उदाहरण तुम्ही वाचले असेलच. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते. एवढे सांगून पुस्तक थांबते. पण मागे येणारी बंदूक कोणाच्या तरी हातात असते. त्या हाताने काय करावे?

अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणांची शिकार मोठ्या रिव्हॉल्व्हरनेही करतात. (आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे.) त्यासाठी प्रसिद्ध असलेले ‘.४४ मॅग्नम’ काडतूस १९५५ च्या सुमारास निघाले. त्याच्या एका नेहमीच्या गोळीचे वस्तुमान १५.६ ग्रॅम व वेग सेकंदाला सुमारे ४३० मीटर असतो.

गोळीचा संवेग = ०.०१५६ × ४३० = ६.७ किग्रॅ-मी/से.

ताशी १४४ किलोमीटर वेगाने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूचा संवेगही जवळजवळ एवढाच, म्हणजे ०.१६ × ४० = ६.४ भरतो! गोळीमागून दारूचा वायूही जोराने बाहेर पडतो. त्याचा संवेग मिळवला की बेरीज सुमारे ८.५ होते. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार तेवढाच संवेग रिव्हॉल्व्हरला उलट दिशेने मिळतो. त्याचे वस्तुमान १.३६ किलोग्रॅम धरल्यास,

मागे येण्याचा वेग = ८.५ ÷ १.३६ = ६.२५ मी/से
गतिज ऊर्जा = ½ × १.३६ × (६.२५)² = सुमारे २७ ज्यूल

ही ऊर्जा हाताला शोषावी लागते. हात ताठ ठेवून रिव्हॉल्व्हर २ सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर सरासरी बल २७ ÷ ०.०२ = १३५० न्यूटन. कोपर किंचित वाकवून १० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर फक्त २७० न्यूटन. झेल घेताना आपण हात मागे का नेतो, ते आता ध्यानात येईल.

पण येथे एक अडचण आहे. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो; आपल्याला प्रतिसाद द्यायला मात्र सुमारे पाचवा भाग लागतो. धक्का बसल्यावर सावरू म्हटले तर उशीर झालेला असतो. पकड आधीपासूनच दोन्ही हातांची आणि पक्की हवी.

शिवाय नळी मुठीच्या वर असते. धक्का वरून येतो, हाताचा विरोध खालून होतो. त्यामुळे रिव्हॉल्व्हर फिरते व नळीचे तोंड वर उसळते. मूठ शक्य तितकी वर धरल्यास हे दोन बलांमधील अंतर घटते आणि उसळीही कमी होते. काही नळ्यांना तोंडाजवळ वरच्या बाजूस छिद्रे असतात. त्यांतून वायू वर सुटतो आणि नळी खाली दाबली जाते. हाही तिसरा नियमच!

पकड ढिली असेल तर मोठा धोका संभवतो. उसळीत बोट चापावर पुन्हा दाबले जाऊन दुसरी गोळी सुटू शकते, आणि त्या क्षणी नळी कोठे वळलेली असेल याचा नेम नाही. म्हणून जाणकार शिक्षक नवख्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये एका वेळी एकच काडतूस भरतात.

आता एक गणित तुमच्यासाठी. तेच काडतूस निम्म्या वस्तुमानाच्या, ०.६८ किलोग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून उडवले, तर मागे येण्याचा वेग आणि ऊर्जा किती होईल? हलके शस्त्र हाताळायला सोपे, असे कोणी म्हटले तर हे उत्तर त्याला दाखवा.